लहानपणचे हाल आणि चाळिशीतली साखर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात तरुण वयात होणाऱ्या मधुमेहाविषयी लिहिताना, या आजाराची मुळे काही अंशी आईच्या पोटात आणि आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत असतात, असे एक वाक्य मी लिहिले होते. सर्वाधिक पत्रे त्या एका वाक्यावर आली. त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा जन्म १९७३ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. मी पोटात असताना आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. घरी मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी एवढ्यावर तिने दिवस काढले, असे ती सांगे. मी तुर्भ्याच्या बाजार समितीत आधी माथाडी होतो, आता हिशेबाचे काम करतो. वजन ६१ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, पँटची कंबर ३४. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. ‘तुमच्यासारख्या सडपातळ माणसाला शुगर कशी?’ असे सगळे विचारतात. गोड मी खात नाही, चहा तेवढा पाच-सहा कप होतो. १९७९ साली जन्मलेल्या माझ्या पाठच्या भावाला काही नाही. हा दुष्काळाचाच परिणाम समजायचा का? — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दुष्काळाचा हात यात असू शकतो, मात्र एका माणसाच्या आजाराचे खापर एकाच कारणावर फोडता येईल, अशी कोणतीही तपासणी उपलब्ध नाही. मोठ्या लोकसमूहांविषयी पुष्कळ ठामपणे बोलता येते, ते आधी सांगते.

इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्माच्या वेळचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत नोंदवून ठेवत असत. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकांनंतर त्या वह्या मिळवल्या आणि त्यांतील बाळांचे पुढे काय झाले, याचा माग काढला. वर्षाचे असताना ज्यांचे वजन कमी होते, त्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने झालेले मृत्यू अधिक होते, असे त्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. त्याच परगण्यातील साठी ओलांडलेल्या पुरुषांची साखर तपासल्यावर मधुमेहाचेही तेच चित्र दिसले. १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी त्याची उपपत्ती मांडली. पोटात अन्न कमी पडले की गर्भ मेंदूचा वाटा राखतो आणि स्नायू, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांच्या वाढीत काटकसर करतो. ही काटकसर त्या वेळी जीव वाचवते, पण इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे भांडवल जन्मापासूनच तुटपुंजे राहते.

या उपपत्तीची एक कठोर परीक्षा इतिहासानेच घेऊन ठेवली होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली आणि माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात पोटात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी केली, तेव्हा ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी त्यांची साखर, त्या उपासमारीच्या आधी किंवा नंतर पोटात वाढलेल्यांपेक्षा जास्त आढळली. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. उपासमारीच्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली होती, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा, त्यांच्याच सख्ख्या भावंडांच्या तुलनेत, साठ वर्षांनंतरही कमी होत्या. जनुक तेच होते, पण ते किती वाचले जावे याची नोंद बदलली होती.

परंतु त्याच महायुद्धात वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये भीषण उपासमार सोसलेल्या मातांची मुले १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासली गेली, तेव्हा त्यांच्यात साखरेचा असा फरक सापडला नाही. याचा पटण्याजोगा खुलासा असा की, डच मुलांना युद्ध संपताच पोटभर अन्न मिळू लागले, तर लेनिनग्राडमध्ये टंचाई पुढेही चालू राहिली. काटकसरीने घडलेल्या शरीरापुढे पुढच्या आयुष्यात भरपूर अन्न आणि बैठे काम येते, तेव्हा आजार उभा राहतो. आपल्या बाबतीत मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण १९७२-७३ मध्ये जे झाले ते आता बदलता येत नाही; डोक्यावरचे ओझे उतरून हातात लेखणी आल्यानंतर जे झाले, ते बदलता येते.

आता ‘सडपातळ’ या शेऱ्याविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे बहुतेक सर्व मापांत लहान होती, स्नायूंत तर फारच. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, पण चरबीचे प्रमाण जास्त, अशी ही घडण जन्मापासूनच असते. डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि आपले इंग्लिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपला बीएमआय २२.४ येतो. वजनकाट्यावर विसंबून स्वतःला सडपातळ समजणे किती फसवे असते, हे यावरून लक्षात यावे.

म्हणून दोन मापे घ्यावीत. पँटची कंबर हे पोटाचे माप नव्हे, कारण आपल्याकडे पँट पोटाच्या बऱ्याच खाली बांधली जाते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, टेप धरावी. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. दुसरे माप चहाचे. एका कपात दोन लहान चमचे साखर धरली तरी ती साधारण दहा ग्रॅम होते, म्हणजे पाच कपांत पन्नास ग्रॅम. दोन हजार कॅलरींच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे आणि ती मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. ‘चहा तेवढा’ हा शब्दप्रयोग मी पाचपाखाडीच्या दवाखान्यात रोज ऐकते आणि रोज त्याचा हिशेब मांडून दाखवते.

रक्तातील साखर उतरवून घेणारे सर्वांत मोठे गोदाम म्हणजे स्नायू, आणि आपले गोदाम जन्मापासून लहान असण्याची शक्यता आहे. त्यामुळे केवळ संध्याकाळी चालणे पुरेसे नाही. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, वजन उचलणे असे स्नायूंवर ताण देणारे व्यायाम करावेत. आधी डॉक्टरांना विचारून डोळ्यांची आणि हृदयाची तपासणी मात्र करून घ्यावी. जेवणात भाकरीच्या बरोबरीने उसळ, डाळ, अंडी किंवा मासे असावेत. गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करू नयेत.

राहिला प्रश्न भावाचा. त्यांची साखर खरोखर तपासली आहे, की काही त्रास नाही म्हणून मधुमेह नाही असे धरले आहे? सुरुवातीची अनेक वर्षे मधुमेह कोणताच त्रास देत नाही. सख्ख्या भावाला मधुमेह असताना त्यांनी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी) या दोन चाचण्या याच महिन्यात कराव्यात.

प्रश्न : मला सहावा महिना चालू आहे. घोडबंदर रस्त्यावर राहते आणि ऐरोलीला एका कंपनीत काम करते. कंपनीत कपात सुरू असल्याने सतत धास्ती असते, झोप होत नाही. आईच्या ताणामुळे बाळाला पुढे लठ्ठपणा आणि मधुमेह होतो, असे वाचल्यापासून तर आणखीच घाबरले आहे. — एक वाचक, कासारवडवली

उत्तर : तुम्ही वाचलेल्या गोष्टीत तथ्य आहे, पण ती अर्धीच सांगितलेली दिसते. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. ते यकृताला साखर सोडायला लावते आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. आईचे हे कॉर्टिसॉल जसेच्या तसे बाळापर्यंत पोहोचू नये यासाठी वारेमध्ये (प्लासेंटामध्ये) एक विकर (एन्झाइम) असते, जे त्यातील बहुतांश भाग निष्क्रिय करून टाकते. रोजची धावपळ, साहेबांची बोलणी, घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक कोंडी, यांनी ही व्यवस्था मोडून पडत नाही.

ज्या अभ्यासांत ठळक परिणाम दिसले, ते वेगळ्या प्रकारच्या संकटांचे आहेत. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हिमवादळाने विजेचे जाळे कोसळले आणि ऐन थंडीत काही घरे कित्येक आठवडे अंधारात राहिली. तेव्हा गरोदर असलेल्या स्त्रियांपैकी ज्यांना प्रत्यक्ष हाल जास्त सोसावे लागले, त्यांची मुले साडेपाच वर्षांची असताना लठ्ठ असण्याची शक्यता अधिक आढळली. हाल म्हणजे किती दिवस वीज नव्हती, घर सोडावे लागले का, अशा मोजता येणाऱ्या गोष्टी.

त्यामुळे ताणाविषयीची भीती बाजूला ठेवून प्रत्यक्ष हाल कमी करण्याकडे पाहा. घरून काम करण्याची मुभा मागा आणि रात्रपाळी असेल तर ती बदलून घ्या. घरची माणसे ‘आनंदी राहा’ असा सल्ला देत असतील, तर त्याऐवजी त्यांनी सकाळचा डबा करून द्यावा, असे त्यांना माझ्या नावाने सांगा. आणि साखरेची चाचणी झाली नसेल तर ती २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान चुकवू नका. आपल्याकडील सरकारी पद्धतीनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर मोजतात. ती १४० किंवा अधिक असेल तर गर्भारपणातला मधुमेह समजून उपचार करतात. यासाठी उपाशी राहावे लागत नाही. आईची वाढलेली साखर वारेतून थेट बाळाकडे जाते आणि तीही पुढच्या आयुष्यातील मधुमेहाची एक वाट आहे. झोप सलग दोन आठवडे येत नसेल किंवा विनाकारण रडू येत असेल, तर तेही प्रसूतितज्ज्ञांना सांगा. त्यावर गरोदरपणात देता येण्याजोगे उपचार आहेत.

प्रश्न : नातू चौदा महिन्यांचा आहे. जन्मतः २.२ किलोचा होता, अजून अंगाने बारीकच आहे. मी दुधात साखर, बिस्कीट, थोडा गूळ, एखादी डब्यातली चॉकलेटी पावडर असे द्यायला बघते, तर सून म्हणते की दोन वर्षांपर्यंत साखर अजिबात नाही. बाळसे धरल्याशिवाय पोर सुधारणार कसे? — एक आजी, नौपाडा

उत्तर : या वादात मी आपल्या सूनबाईंच्या बाजूने आहे, परंतु आपली काळजी अस्थानी नाही.

ब्रिटनमध्ये युद्धकाळात सुरू झालेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि लोकांचे साखर खाणे थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाले. त्या तारखेच्या थोडे आधी आणि थोडे नंतर जन्मलेल्यांची तुलना २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पोटात असताना आणि पुढे तान्हेपणी ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली, त्यांच्यात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ज्यांना मधुमेह झाला त्यांनाही तो सरासरी चार वर्षे उशिरा झाला. गूळही या बाबतीत साखरच आहे, हे मराठी घरात पटवणे कठीण जाते, पण ते तसेच आहे.

वजनाविषयी अधिक काळजीपूर्वक बोलले पाहिजे. दिल्लीत जन्मापासून नोंदी ठेवलेल्या सुमारे दीड हजार व्यक्तींची २६ ते ३२ व्या वर्षी तपासणी केली, तेव्हा ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था होती, ते बहुधा दोन वर्षांपर्यंत हडकुळे होते आणि त्यानंतर त्यांचा बीएमआय झपाट्याने वाढत गेला होता. विशेष म्हणजे बाराव्या वर्षी त्यांतील एकही मूल लठ्ठ म्हणण्यासारखे नव्हते. घरच्यांना तर ते ‘आता कुठे अंगाला लागले’ असेच वाटले असणार! यावरून असे दिसते की, नातवाने आत्ता, दुसऱ्या वर्षात, उंचीने आणि स्नायूंनी वाढावे हे हिताचेच आहे. चौथ्या-पाचव्या वर्षानंतर चरबीने भरू लागणे धोक्याचे आहे.

तेव्हा खायला जरूर द्यावे, पण काय द्यावे ते बदलावे. मऊ मुगाच्या खिचडीवर चमचाभर साजूक तूप, नाचणीची दुधातली खीर कुस्करलेल्या केळ्याने गोड केलेली, घरात चालत असेल तर रोज एक अंडे, भाजीत शेंगदाण्याचे बारीक कूट, घट्ट दही. अख्खे शेंगदाणे या वयात घशात अडकू शकतात, ते देऊ नयेत. चॉकलेटी पावडरीच्या डब्यामागे घटकांच्या यादीत साखर कितव्या क्रमांकावर आहे, ते सूनबाईंकडून वाचून घ्यावे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. वाढीचा आलेख बालरोगतज्ज्ञांकडे किंवा अंगणवाडीत दर महिन्याला भरून घ्यावा. त्यावरची रेघ चढती असेल तर मूल बारीक दिसले तरी चिंता नाही. रेघ सपाट झाली तर मात्र लगेच दाखवावे.

प्रश्न : मला गर्भारपणात मधुमेह होता. माझ्या दुधातून बाळाला साखर जाईल का? — एक वाचक, घणसोली

उत्तर : नाही. निर्धास्तपणे पाजा. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे. स्तनपानामुळे आईलाही पुढे मधुमेह होण्याचा धोका कमी होतो. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी आपली साखर पुन्हा तपासा आणि त्यानंतर दर वर्षी तपासत राहा.

प्रश्न : वडिलांचे दारू पिणे आणि आईला, आम्हाला मारणे यात माझे बालपण गेले. आज मी ३१ वर्षांचा आहे, वजन ९४ किलो. ताण आला की रात्री उशिरा बाहेरचे मागवून खातो. अशा बालपणाने शरीर कायमचे बिघडते, हे खरे आहे का? — एक वाचक, कळवा

उत्तर : ‘कायमचे’ हा शब्द खरा नाही. बाकीचे वर्णन शास्त्राला ओळखीचे आहे.

अमेरिकेत सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणाचे उपचार केंद्र चालवत असत. वजन उत्तम उतरत असलेले रुग्णच मध्येच उपचार सोडून जातात, हे पाहून त्यांनी अशा रुग्णांशी सविस्तर बोलणे सुरू केले आणि कितीतरी जणांनी लहानपणी अत्याचार सोसल्याचे समोर आले. त्यातून उभा राहिलेला मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मारहाण, घरातील व्यसन, आईवर होणारी हिंसा अशा प्रतिकूल अनुभवांपैकी चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी सोसले होते, त्यांच्यात तीव्र लठ्ठपणाचा धोका, असे काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, १.४ ते १.६ पट होता. व्यसने आणि नैराश्य यांचा धोका याहून पुष्कळ अधिक होता. दीडपट हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, तसाच तो ललाटीचा लेखही नाही.

सतत धोक्यात वाढलेल्या मुलाची ताणाची यंत्रणा सहज चेतते आणि लवकर शांत होत नाही. कॉर्टिसॉल चढे राहिले की पोटाभोवती चरबी साठते आणि गोड-तेलकट खाण्याची ओढ वाढते. असे खाल्ल्यावर क्षणभर खरोखर बरे वाटते, म्हणून तुमच्या रात्रीच्या खाण्याला मी जिभेचे चोचले म्हणणार नाही. घरच्यांनीही तसे म्हणू नये. नुसता आहाराचा तक्ता तुमच्या हाती दिला तर तो महिनाभरही टिकणार नाही, असे माझे मत आहे. आधी किंवा निदान त्याच्या जोडीने समुपदेशन घ्या. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून तेथे मराठीत बोलता येते. रात्रीचे जेवण आठच्या सुमारास, पोटभर आणि नीट बसून घ्या, कारण दिवसा अर्धपोटी राहणारा माणूसच रात्री बाहेरचे मागवतो. आणि वयाची तिशी ओलांडली आहे, तेव्हा साखर, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि यकृताची तपासणी एकदा करून घ्या.

प्रश्न : मुलगी एकोणीस वर्षांची, शाकाहारी, वजन ४१ किलो. सकाळी काही न खाता लोकल पकडते. लग्नाआधी तिची तब्येत सुधारावी म्हणून काय द्यावे? — एक आई, खारघर

उत्तर : मुलीची तब्येत आधी तिच्या स्वतःसाठी सुधारावी, लग्नाचे नंतर पाहू. पण आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण गरोदर राहिल्याचे कळेपर्यंत बाळाचे अवयव घडू लागलेले असतात आणि तोवर आहार सुधारायला उशीर झालेला असतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला रोजचा खाऊ स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून दिला गेला. बाळांचे वजन सरसकट फारसे वाढले नाही. गर्भारपणातला मधुमेह मात्र इतरांतील १२.४ टक्क्यांच्या तुलनेत ७.३ टक्के स्त्रियांनाच झाला. पुण्याच्या अभ्यासातून दुसरी गोष्ट समजली. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारे जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांची मुले सहा वर्षांची असताना त्यांच्यात इन्सुलिनला होणारा अवरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणे, सर्वाधिक होता. याचा अर्थ गरोदरपणातील फोलिक ॲसिड टाळावे असा मुळीच नाही, कारण बाळाच्या मज्जारज्जूसाठी ते अत्यावश्यक आहे. बी-१२ची कमतरता मात्र त्याआधी भरून काढावी.

शाकाहारी घरात बी-१२ दूध, दही, ताक आणि पनीर यांतूनच मिळते, डाळी-भाज्यांतून नाही. मुलीचे हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. कमी निघाल्यास डॉक्टर सांगतील तितके महिने गोळ्या किंवा इंजेक्शने पूर्ण करा. सकाळी पोळीचा दही-चटणी लावलेला गुंडाळा किंवा मोड आलेल्या मटकीचा छोटा डबा बरोबर द्या, म्हणजे जागा मिळाल्यावर गाडीत खाता येईल. आणि घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले खाण्याची सवय तिला किंवा आपल्याला असेल, तर ती दोघींनीही याच आठवड्यात मोडावी.